वारुळाखेरीज अळंबी नाही

आषाढ-श्रावणात सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर या डोंगरपट्ट्यात रस्त्याच्या कडेला बायका पानांत बांधलेली अळंबी घेऊन बसतात. म्हापसा-पणजीच्या बाजारात तीच अळंबी नगावर विकली जाते आणि भाव ऐकून नवखा माणूस दचकतो. ही वारुळावरची अळंबी. गोव्यात तिला रोयणीची अळमी म्हणतात. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये तिच्या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. धिंगरी आणि बटण अळंबी माणूस शेडमध्ये वाढवतो. वारुळावरच्या अळंबीची छत्री व्यापारी प्रमाणावर पिकवणं त्याला अजून साधलेलं नाही. तिच्या बुरशीची शेती साधते ती वाळवीला, आणि तीही सुमारे तीन कोटी वर्षांपासून.

या अळंबीचा जीनोम, म्हणजे तिच्या पेशीतला संपूर्ण जनुकीय मजकूर, आता वाचता येतो. तो वाचण्यात वेळ आणि पैसा घालावा, की अळंबी उगवते ते रान आधी राखावं? हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांचा या अळंबीवर जीव असतो. म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे : एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जी आता कवकांच्या जनुकांवर काम करते. माणसं मांडणीपुरती कल्पित आहेत, वाद खरा आहे.

गुरुजी : मला आधी हे सांग बाय, तुझ्या यंत्राने असं काय सांगितलं जे रानात फिरणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं? कुठलं वारूळ जितं, कुठलं मेलेलं, हे तिला लांबून कळतं. गेल्या वर्षी अळंबी कुठे आली होती ते तिच्या ध्यानात असतं. पाऊस किती लागला आणि मग किती उघडला की छत्र्या वर येतील, हेही ती सांगते.

संशोधक : त्यातलं एक अक्षरही मी नाकारत नाही, गुरुजी. पण वारूळ मेलं की अळंबी का थांबते? शेजारी तशीच माती, तसाच पालापाचोळा असतो, तिथे ती का येत नाही? वारुळाच्या पोटात छिद्राछिद्रांची पोळी असतात. कामकरी वाळवी वाळकं गवत, पाला, लाकूड खाऊन येते, त्यात याच अळंबीच्या बुरशीचे बीजाणू मिसळतात आणि ते सगळं ती विष्ठेवाटे पोळ्याच्या वरच्या थरावर टाकते. तिथे बुरशी वाढते. पोळ्यावर बारीक पांढऱ्या गाठी धरतात. त्या गाठी वाळवी खाते, त्यांतले बीजाणू पोटातून नव्या थरात जातात. जुनं, बुरशीने मऊ केलेलं पोळं पुन्हा खाल्लं जातं. म्हणजे एकच पाला वाळवीच्या पोटातून दोनदा जातो आणि मधल्या काळात बुरशी त्याच्यावर काम करते.

गुरुजी : हे वारूळ खणूनही दिसेल. त्याला जनुकं कशाला वाचायला हवीत?

संशोधक : पोळं दिसेल, पण कोण काय पचवतं ते दिसणार नाही. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅक्रोटर्मिस नाटालेन्सिस या वाळवीचा, तिच्या बुरशीचा आणि तिच्या आतड्यातल्या जिवाणूंचा, असा तिघांचा जनुकीय मजकूर एकत्र वाचला गेला. वनस्पतींतल्या गुंतागुंतीच्या शर्करा तोडणाऱ्या एन्झाइमांची तेव्हा माहीत असलेली कुळं होती १२८. त्यांतली १११ या तिघांत मिळून सापडली. मोठमोठ्या साखळ्या तोडण्याची साधनं मुख्यतः बुरशीकडे, तर शेवटचे बारीक तुकडे पचवण्याची जिवाणूंकडे. आणि राणीच्या आतड्यातल्या जिवाणूंकडे पाला पचवण्याची ताकद जवळजवळ उरलेली नव्हती, कारण तिच्या तोंडात आयती बुरशीच येते. वारूळ कितीही खणलंत तरी हे हाती लागलं नसतं.

गुरुजी : राणीचं मला माहीत नव्हतं. बरं, पुढे बोल. बुरशीकडे साधनं आहेत, म्हणजे काम तीच करते असं ठरलं ना?

संशोधक : नाही, आणि हे मी मोकळेपणाने सांगते. लाकडातलं लिग्निन कोण तोडतं यावर मतभेद आहेत. २०१७ मध्ये ओडोंटोटर्मिस प्रजातीच्या वाळवीवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तरुण कामकऱ्यांच्या पोटातून अन्न काही तासांत जातं आणि तेवढ्यातच लिग्निनची बरीच मोडतोड होते. मग बुरशीचं काम हलकं झालेलं असतं. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की बुरशीही निरनिराळी एन्झाइमं आणि ऑक्सिडीकरणाची रासायनिक वाट वापरून लाकूड फोडते.

गुरुजी : मी वर्गात हेच सांगत असे. घरात कुऱ्हाड असली म्हणजे लाकडं त्याच घरात फोडली गेली असं होत नाही. जनुकांची यादी ही घरातल्या सामानाची यादी. कामाचं खरं माप वारुळात बसूनच घ्यावं लागतं.

संशोधक : मान्य. म्हणूनच हे लोक जीनोम वाचून थांबले नाहीत, पुन्हा वारुळाकडे गेले. पण कुठला प्रश्न घेऊन जायचं, ते यादीने सांगितलं.

इथे मला मध्येच बोलावंसं वाटतं. जीनोम वाचला म्हणजे प्राणी किंवा वनस्पती समजली, असा समज बातम्यांमधून फार पसरतो. वारुळाच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण इथे एक जीव वाचून काहीच पुरं होत नाही. वाळवी, बुरशी, जिवाणू आणि माती असं चौघांचं जगणं एकत्र आहे. पुढे दोघांचं बोलणं जिथे पोचलं तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

गुरुजी : नवं वारूळ उभं राहतं तेव्हा त्यात बुरशी कुठून येते? पहिल्या पावसात पंखांची वाळवी उडते, जोडी जमिनीत शिरते. ती जोडी बुरशी बरोबर नेते का?

संशोधक : काही थोड्या जातींत नेते. एका जातीत राजा नेतो, दुसऱ्या एका प्रजातीत राणी. पण बहुतेक जातींत जोडी रिकाम्या हाताने निघते. पहिली अंडी फुटतात, पहिले कामकरी मोठे होतात, चारा शोधायला बाहेर पडतात आणि रानात पडलेले बीजाणू चाऱ्याबरोबर आत आणतात. तेच त्या वारुळाचं विरजण. ते वेळेत मिळालं नाही तर पोळं लागत नाही. आफ्रिकेतल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की छत्र्या उगवण्याचा आणि नव्या वारुळातले पहिले कामकरी बाहेर पडण्याचा काळ एकमेकांशी जुळतो.

गुरुजी : म्हणजे आपण बाजारात नेतो ती छत्री म्हणजे पुढच्या वारुळांचं विरजण!

संशोधक : तेच. आणि त्यापुढचं ऐका. सुरुवातीला वेगवेगळ्या छत्र्यांचे बीजाणू आत येत असतील, पण मोठ्या झालेल्या वारुळात बुरशीचा एकच वाण उरतो. २००९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या संशोधनात याचं कारण दिसलं : एकाच वाणाचे तंतू एकमेकांत मिसळून जास्त गाठी धरतात, वाळवी त्याच जास्त खाते, जास्त पेरते आणि बाकीचे वाण मागे पडतात. म्हणून एका वारुळात जन्मभर एक वाण. शेजारच्या वारुळात मात्र दुसरा असू शकतो. तुमच्या डोंगरावर शंभर वारुळं असतील तर ती मोजताना अळंबीचे शंभर निरनिराळे जीव मोजताय असं समजायला हरकत नाही.

गुरुजी : आणि उतारावर एक यंत्र फिरलं की त्यातले तीस-चाळीस एका दुपारी जातात. मी हे बघितलंय. आमच्या तालुक्यात रबराची लागवड आली, काजूचे सलग मळे आले, अननस आला. आधी जमीन साफ करायची, वारूळ दिसलं की सपाट करायचं. कुणी मुद्दाम वाईट करत नाही. वारूळ म्हणजे वाळवी आणि वाळवी म्हणजे नुकसान, एवढंच डोक्यात असतं. त्याच गावात सातेरीच्या देवळात वारुळाची पूजा चालते, नागपंचमीला वारुळावर दूध जातं. देवळातलं वारूळ राखायचं आणि बांधावरचं मोडायचं, हे मला पटत नाही.

संशोधक : यंत्राबद्दल मी तुमच्याच बाजूची. पण काढणाऱ्या बायकांना दोष देणारे लोक मला भेटतात, तेव्हा मी थांबवते. छत्री वरून मोडून घेतल्याने वारूळ मरत नाही. बुरशी खाली पोळ्यात शाबूत असते. तिथून छत्रीची मुळासारखी लांब दांडी मातीतून वर येते आणि टोकदार शेंडा जमीन फोडतो. पहारीने त्या दांडीमागे खाली खणत गेलं तर पोळं उघडं पडतं. तो खरा घाव.

गुरुजी : आणि कळ्या?

संशोधक : कळ्या हा दुसरा प्रश्न. मिटलेली छत्री टिकते, तुटत नाही, म्हणून तिला भाव जास्त. पण ती मिटलेलीच गेली तर तिचे बीजाणू पडतच नाहीत. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीवर वर्षानुवर्षं काम केलं, तिच्या ओरबाडण्याविरुद्ध लिहिलं. त्यांच्या म्हणण्याला बीजाणूंचं हे चक्र भक्कम आधार देतं.

गुरुजी : हे सगळं तुम्हाला गेल्या दहा-वीस वर्षांत कळलं. वारूळ आणि अळंबी यांचं नातं लोकांना केव्हाचं माहीत आहे!

संशोधक : लोकांना होतंच, आणि छापील नोंदही आपल्या देशातली फार जुनी आहे. योहान गेरहार्ड कोनिग हा निसर्ग अभ्यासक तंजावरच्या परिसरात वाळवी पाहत होता. वारुळातल्या बुरशीबद्दलचा त्याचा लेख १७७९ मध्ये बर्लिनमध्ये छापला गेला. तंजावरवर तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं.

गुरुजी : मग तुझ्या जनुकांनी काळाच्या हिशोबात काय भर घातली?

संशोधक : सगळा काळच त्यांनी दिला. आज वाळवीच्या सुमारे ३३० जाती ही शेती करतात. त्यांची आणि त्यांच्या बुरशींची वंशावळ जनुकांवरून लावली तेव्हा कळलं की ही शेती एकदाच सुरू झाली, आफ्रिकेत, बहुधा तिथल्या वर्षावनांत. तिथून ती आशियात आली, तीही एकदा नाही, अनेकदा. शेती सोडून दिलेली एकही वाळवी या वंशावळीत नाही, आणि वाळवी सोडून मोकळी झालेली बुरशीही नाही. २०१६ मध्ये टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यात अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या वारुळातल्या पोळ्यांचे जीवाश्म मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. जनुकांवरून काढलेला काळ आणि दगडातला पुरावा जुळले.

गुरुजी : तीन कोटी वर्षांपूर्वी कुणीतरी पहिल्यांदा हे सुरू केलं. ते अचानक कसं झालं असेल?

संशोधक : अचानक नाही. २०२१ मध्ये या बुरशीच्या जवळच्या नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते नातेवाईक आजही कीटकांच्या विष्ठेशी जोडलेले आढळतात. म्हणजे वाळवीशी गाठ पडण्याआधीच या घराण्याला कीटकांच्या विष्ठेवर वाढण्याची सवय होती. वाळवीने रानातली कुठलीही बुरशी उचलून माणसाळवली नाही. जी आधीच तिच्या विष्ठेवर येत होती तिच्याशी तिचं जमलं. उत्क्रांतीत हे वारंवार दिसतं : नवं नातं जुन्या सवयीवर उभं राहतं.

गुरुजी : हे मला मुलांना सांगायला आवडलं असतं.

संशोधक : आणखी एक सांगते, कारण तुम्ही उपयोग विचारणारच. फ्रान्स-इटलीतली काळी ट्रफल जमिनीखाली ओक आणि हेझलच्या मुळांशी वाढते. तिचा जीनोम २०१० मध्ये वाचला, साडेबारा कोटी अक्षरांचा. त्यात झाडाच्या पेशीभित्ती फोडणारी जनुकं फारच कमी निघाली, कारण तिला साखर झाडाकडून मिळते. आपल्या वारुळाच्या अळंबीच्या उलट गोष्ट. पण त्याच मजकुरात प्रजननाची जनुकं सापडली आणि कळलं की ट्रफल धरायला दोन वेगळ्या प्रकारचे तंतू भेटावे लागतात. झाडाभोवती एकाच प्रकारचे तंतू असतील तर वर्षानुवर्षं वाट बघूनही ट्रफल येणार नाही. लागवड करणाऱ्यांना हे आधी ठाऊक नव्हतं.

गुरुजी : म्हणजे उद्या आपली अळंबीही शेडमध्ये येईल म्हणतेस?

संशोधक : तसं वचन मी देणार नाही. तंतू प्रयोगशाळेत वाढतात, छत्रीपर्यंत नेणं अवघड आहे. आणि आली तरी मला थोडी भीती वाटते. शेडमध्ये अळंबी मिळू लागली तर वारुळाची गरज कोणाला राहील?

गुरुजी : हे बोललीस ते बरं झालं. आता माझी खरी तक्रार ऐक. तुम्ही रानातून तुकडा नेता. त्याचा क्रम लावून जगाच्या माहितीसाठ्यात टाकता. तिथून तो कुठलीही कंपनी घेते, त्यातून एन्झाइम काढते, औषध काढते. ज्या बाईने तुम्हाला वारूळ दाखवलं तिला काय मिळतं?

संशोधक : आजवर जवळजवळ काहीच मिळालेलं नाही. लाभातल्या वाट्याविषयीचा नागोया करार २०१० चा, पण तो प्रत्यक्ष नमुन्याभोवती फिरत राहिला आणि संगणकावरचा मजकूर निसटत गेला. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या बैठकीत या मजकुराच्या लाभातही वाटा असावा हे देशांनी मान्य केलं. त्यासाठीचा ‘काली’ नावाचा निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला. त्यातला निम्मा तरी वाटा आदिवासी आणि स्थानिक समाजांकडे जावा असं ठरलं आहे.

गुरुजी : कंपन्यांवर सक्ती आहे?

संशोधक : नाही. ऐच्छिक आहे.

गुरुजी : मग ते कागदावरच राहणार.

संशोधक : कदाचित. पण आपल्याकडचा कागद आपण तरी भरतो का? जैवविविधता कायदा २००२ चा आहे. गावोगावी समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत ‘अळंबी’ एवढा एकच शब्द आहे. कुठली अळंबी? एका टोपलीत दोन-तीन जाती असतात. जाती वेगळ्या ओळखता आल्या नाहीत तर कुठली कमी होते आहे हे कळायचं कसं?

गुरुजी : त्यासाठी अख्खा जीनोम लागतो?

संशोधक : नाही लागत. आयटीएस नावाचा एक छोटा तुकडा बारकोडसारखा पुरतो. कवकांची ओळख त्यावरून करावी असं २०१२ मध्ये सर्वमान्य झालं. खर्च फार नाही. पण तो तुकडा कुठल्या वारुळावरचा, कुठल्या आठवड्यातला, माती कसली, हे सांगायला रानातली बाईच लागते. नोंदवहीत तिचं नाव आणि तिची माहिती आधी, माझा क्रम नंतर.

गुरुजी : असं असेल तर मी आडवा येणार नाही. पण एका गोष्टीत सांभाळ. शहरातली मुलं फोनवर फोटो काढून अळंबी ओळखायला लागली आहेत. तुमच्या बारकोडच्या गोष्टी ऐकून त्यांची हिंमत आणखी वाढते.

संशोधक : त्यांना मी एकच सांगते. आमाटॉक्सिन नावाचं जीवघेणं विष अमानिटा, गॅलेरिना आणि लेपिओटा या तीन प्रजातींत आढळतं. त्या एकमेकींच्या जवळच्या नातेवाईक नाहीत. दिसायलाही सारख्या नाहीत. विष बनवण्याची जनुकं त्यांच्यात नेहमीच्या वंशपरंपरेबाहेरून, एका जीवातून दुसऱ्यात उडी मारून आली असावीत, असं २०२२ मध्ये जीनोमच्या तुलनेतून पुढे आलं. म्हणून रूपावरून काढलेला कुठलाही सरसकट नियम खोटा. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळी पडते, किडे खातात ती चालते, या सगळ्या परीक्षा निरुपयोगी. शिजवून हे विष जात नाही. उलट्या सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, मग बरं वाटल्याचा भास होतो, तोवर यकृत बिघडत असतं. ज्याला ती जागा आणि ती अळंबी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्याच्याकडूनच घ्या. इथे माझं यंत्र नाही, तुमची बाईच खरी.

गुरुजी : एवढं कबूल करणारी माणसं प्रयोगशाळेत असतील तर आमचं भांडण कमी होईल. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. पैसा थोडाच असेल तर तो आधी वारुळाच्या जमिनीवर जावा.

संशोधक : आणि माझं म्हणणं असं की कुठली जमीन आधी राखायची ते ठरवायलाच मला तो मजकूर हवा.

वाद इथे मिटला नाही, आणि तो मिटवण्याची मला घाई नाही. माझा स्वतःचा कौल मात्र द्यायला हवा. मी गुरुजींच्या बाजूला झुकतो, आणि त्याचं कारण मला संशोधकाच्याच बोलण्यात सापडतं. या अळंबीच्या जनुकांनी सांगितलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती एकटी जगत नाही. शीतपेटीत जपलेला तिचा तंतू आणि संगणकात साठवलेला तिचा क्रम यांतून वारूळ परत उभं राहत नाही. वाळवी गेली, बीजाणू झेलणारी जमीन गेली, की तीन कोटी वर्षांचा हा संसार त्या डोंगरापुरता संपतो. जीनोम वाचायलाच हवा, पण वारूळ उभं असताना.

म्हणून वाचकांना विनंती आहे. पावसाळ्यात ही अळंबी विकत घेताना मिटलेल्या कळ्यांचा हट्ट धरू नका. उमललेली घ्या आणि विकणाऱ्या बाईला तिचा पुरा भाव द्या. स्वतः काढत असाल तर प्रत्येक वारुळावरच्या काही छत्र्या पूर्ण उमलू द्या, पहार चालवू नका. जमीन साफ करून घेत असाल तर यंत्र आणण्याआधी जिती वारुळं हेरून ती तेवढी सोडायला सांगा. आणि येत्या ग्रामसभेत आपल्या गावची लोकजैवविविधता नोंदवही उघडायला लावून अळंबीचं पान बघा. त्यावर वारुळांच्या जागा आणि त्या माहीत असणाऱ्यांची नावं नसतील, तर ती या पावसाळ्यातच लिहून घ्या.